दुसऱ्याच्या कर्जाचे फोन तुम्हाला येतात? तक्रार कुठं करायची, कागद कोणते लागतात

लातूरला नवं सिम घेतलं आणि चौथ्याच दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. 'हप्ता कब भर रहे हो?' नाव भलत्याच माणसाचं. 'तो मी नाही' म्हटलं, तर पलीकडचा म्हणाला, सगळे असंच म्हणतात. पुढं दीड महिना रोज पाच-सहा फोन. ब्लॉक केलं की नवा नंबर. त्या फायनान्स कंपनीचं नाव इथं घेत नाही. भांडून काही झालं नाही. एक ई-मेल गेला आणि बारा दिवसांत फोन बंद झाले.

असं का होतं? बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. जुन्या मालकाच्या कर्जाच्या कागदावर मात्र तोच नंबर राहतो. बंद नंबरांची यादी तपासून आपल्या नोंदी दुरुस्त करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं आहे. तक्रारीत हे वाक्य जरूर टाका.

पण आधी आपण नेमके कोण ते ठरवा. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि फोन बरोबर माणसालाच येतोय. कुणी अर्जावर 'ओळखीचा' म्हणून नुसता तुमचा नंबर दिला असेल, तर तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही. मोबाईलवरच्या कर्ज ॲपनं कर्जदाराच्या फोनमधली नावं उचलून तुम्हाला गाठलं असेल, तर ती यादी उघडण्याचीच ॲपला परवानगी नाही. आणि फोनवरचा माणूस तुमचंच नाव, तुमचाच पॅन सांगत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. त्याकडे पुढं येतो.

फोन आला की चारच गोष्टी विचारा: कोणत्या संस्थेचं कर्ज, वसुली एजन्सी कोणती, बोलणाऱ्याचं नाव काय, कर्जखात्याचे शेवटचे आकडे कोणते. स्वतःचा आधार, पॅन, जन्मतारीख सांगू नका. 'नंबर काढण्यासाठी ओटीपी आलाय, सांगा' म्हटलं तर फोन ठेवा. 1909 वर डीएनडी लावून हे फोन थांबतील ही आशाही सोडा. ती सोय जाहिरातींच्या फोनसाठी आहे.

आता अर्ज. तो फोन करणाऱ्या पोराकडे करायचा नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करायचा. एजन्सीच्या वागण्याची जबाबदारी त्याच संस्थेची असते. तिच्या वेबसाईटवर आणि शाखेत तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता लावलेला असतो. मजकूर एवढा पुरे:

'मोबाईल नंबर … हा दि. … पासून माझ्या नावावर आहे. आपल्या वतीने … यांच्या कर्जवसुलीसाठी मला फोन येतात. मी कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. माझा नंबर त्या खात्यातून आणि एजन्सीच्या यादीतून काढून तसं लेखी कळवावं.'

सोबत कॉल-यादीचे स्क्रीनशॉट, आलेले मेसेज, असेल तर ध्वनिमुद्रण, आणि सिम कधीपासून तुमच्याकडे आहे याचा पुरावा: पोस्टपेडचं बिल किंवा सिमच्या अर्जाची प्रत. या टप्प्यावर स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. तहसीलबाहेर कुणी ते गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. शाखेत कागद दिला तर पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

फोन केव्हा आले तेही लिहा. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या आदेशानं थकबाकी वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. बचत गटाच्या बायकांना मिळतं तसं मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर वेळ 9 ते 6. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, ओळख दिलेल्यांना त्रास देणंही याच आदेशात बसत नाही. माझा सात वाजताचा पहिला फोन मला इथं उपयोगी पडला.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशासाठी एकच योजना आहे, फी नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर मोबाईलच्या ओटीपीनं अर्ज भरता येतो. 14448 वर मराठीतही विचारता येतं. पहिल्या तक्रारीची प्रत जोडावीच लागते, तिच्याविना अर्ज परत येतो. वकिलामार्फत केलेला अर्जही घेत नाहीत. अडचण एकच: योजनेची भाषा 'ग्राहका'ची आहे आणि आपण त्या संस्थेचे ग्राहक नाही. म्हणून पैशाच्या वादाची भाषा टाळा. 'वसुलीच्या नियमांचा भंग आणि चुकीचा नंबर' असंच मांडा.

कर्ज तुमच्याच नावावर निघालं असेल, तर आधी सिबिलचा, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खोटी नोंद दिसली की दुरुस्तीची मागणी टाका. 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. सोबत सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावानं किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या. अनोळखी निघालं तर तिथंच 'माझा नंबर नाही' नोंदवता येतं. कर्जच नाही, नुसती लुबाडणूक वाटते, असा फोन याच पोर्टलच्या 'चक्षू' मध्ये कळवायचा.

शिवीगाळ, घरी येण्याची धमकी, बाईमाणसाला घाणेरडे मेसेज असं काही असेल तर तीस दिवस थांबायचं कारण नाही. थेट पोलीस ठाणं. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 351 आहे. ठाण्यात बहुतेक वेळा आधी एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात; घ्या, तिची प्रत लोकपालाच्या अर्जाला जोडता येते.

आपल्याकडं बरीच कर्जं पतसंस्थांची, आणि लोकपाल पतसंस्थेची तक्रार घेत नाही. तिथं तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. खासगी सावकाराचा माणूस फोन करत असेल तरी दार तेच, कारण 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्ह्याचा निबंधक म्हणून उपनिबंधकच काम बघतो. तिथं ऑनलाईनच्या नादी न लागता दोन प्रती घेऊन जा, एक आवकला द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक टाकून घ्या.