काल्पनिक आदिम समाजातील प्रगत शस्त्रे

कथा, चित्रकथा किंवा खेळासाठी रचलेल्या, शेती-शिकारीवर जगणाऱ्या लहान समाजाच्या हाती पोलाद, बंदूक किंवा तोफ दाखवली, तर ती कितपत पटते याचा विचार. प्रत्येक शस्त्रामागे खनिज, जळण, कारागीर आणि त्या कारागिराला वर्षभर पोसणारे धान्य लागते. यांपैकी जे गावात नाही ते कुठून येते, हे कथेत दिसले पाहिजे. जंगलात राहणारा समाज अडाणी असतो असे गृहीत धरून केलेली रचना मात्र मुळातच फसते. उणीव बहुतेक वेळा बुद्धीची नसून मालाची असते.

खानदेशात अशी कथा घडवायची तर पहिली अडचण खडकाची. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांत बसाल्ट पसरलेला आहे. त्यात तांबे, कथील किंवा शिसे यांची खाण नाही. तापीकाठी प्रकाशे आणि गिरणाकाठी बहाळ येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्त्या सापडल्या. त्या काळच्या दख्खनी गावांत शेती होती, रंगीत नक्षीची मडकी होती. पण रोजच्या कामाची पाती कॅल्सेडनीसारख्या गारेची असत. तांबे बाहेरून येई आणि जपून वापरले जाई. अशा गावात शंभर जणांच्या कमरेला ब्राँझची, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रणाची, तलवार पटत नाही, एखाद्याच्या घरातली तांब्याची कुऱ्हाड पटते.

लोखंडाला कथील लागत नाही, पण जळण फार लागते. भात्याच्या लहान भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सियसला खनिजातून लोखंड सुटते, मात्र ते वितळत नाही. त्यासाठी १५३८ अंश हवेत. हाती येतो तो मळीने, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या गाळाने, भरलेला सच्छिद्र गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून ठोकावा लागतो आणि त्यात बरेच वजन जाते. एक किलो कोळशासाठी चार-पाच किलो लाकूड जळते. म्हणून शस्त्रे घडवणाऱ्या वस्तीभोवतीचे रान विरळ होत गेलेले दाखवावे.

बंदुकीच्या बाबतीत बाळगणे आणि बनवणे यांत फार अंतर आहे. ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल कोअर या भिल्लांच्या पलटणीतील जवान बंदूक चालवत, पण ती सरकारातून येई. उलट १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका पोहोचल्यावर जपानी लोहार थोड्याच वर्षांत त्या घडवू लागले, कारण उत्तम तलवारी करणारे हात तिथे आधीच होते. तरीही नळीचे मागचे तोंड बंद करणारा आटेदार स्क्रू त्यांना अडला आणि बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक सोरा बाहेरून आणावा लागला.

काल्पनिक समाजासाठी तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीने दारू पेटवणारी, बंदूक त्यातल्या त्यात सोयीची. चापाच्या साध्या रचनेला गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीइतकी ताकदवान पोलादी स्प्रिंग लागत नाही. खरी कसोटी नळीची. लोखंडी पट्टी सळईभोवती वळवून तिची कड तापवून जोडतात. जोडात मळी राहिली तर नळी तिथेच फुटते, आणि तिच्याजवळच नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. वापराने कानाचे, म्हणजे जिथून आग आतल्या दारूला लागते ते, भोकही झिजून मोठे होते, दाब तिथून निसटतो आणि गोळीचा जोर घटतो.

रसदेचा हिशेब लेखकाने कागदावर मांडावाच. वीस ग्रॅमची गोळी आणि तिला दहा ग्रॅम दारू धरली, तर पन्नास बंदुकांचे प्रत्येकी वीस बार म्हणजे वीस किलो शिसे आणि दहा किलो दारू. दारूत सुमारे तीन-चतुर्थांश सोरा असतो. शिसे ३२७ अंशांनाच वितळते, गोळ्या चुलीवरही ओतता येतात. प्रश्न शिसे येते कुठून हा. जुन्या गोठ्यांच्या मातीत सोरा असतो, पण हिंदुस्थानात त्याचा मोठा व्यापार बिहारमधून चाले, आणि गंधक तर खानदेशात नाहीच. तोड्याची सुती दोरी तेवढी इथल्या कापसाची होईल. पावसाळ्यात तीही भिजते. अशुद्ध सोऱ्याची दारू ओल धरते आणि बार फुसका जातो.

म्हणूनच सातपुड्यातला तीर-कामठा मागासलेपणाची खूण म्हणून दाखवणे चूक आहे. बांबूचा कामठा, बांबूच्याच चिवटीची दोरी, लोखंडी टोकाचा तीर. टोक तेवढे लोहाराचे, बाकी सगळे रानातले. तोड्याची बंदूक भरायला अर्धे ते एक मिनिट जाते. तेवढ्यात सरावलेला तिरंदाज सहज पाच-सहा तीर सोडतो. बंदुकीची सरशी चिलखत भेदण्यात आणि नवख्याला लवकर शिकवण्यात. दाट झाडीतल्या चकमकीत पहिला बार झाल्यावर धूर आणि आवाज बार करणाऱ्याची जागा उघड करतात.

काडतुसी बंदूक ही आणखी वेगळी बाब. पितळी पुंगळी गोळा करून पुन्हा भरता येईल, पण तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी रसायनशास्त्र आणि कारखान्याशिवाय होत नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत निघणारा काडतुसांचा माल भट्टीवाल्या लोहाराच्या आवाक्यातला नाही. अशी रायफल कथेत आणायचीच असेल तर काडतुसे मोजकी ठेवावीत, आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत हे वाचकाला आधी कळू द्यावे.