मंगळाचे किरण आणि उशाजवळचा मोबाईल

‘आज रात्री १२:३० ते ३:३० मंगळावरून कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद ठेवा – नासा.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तारीख कधीच नसते, कायम ‘आज रात्री’! कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, खरे आहेत, पण त्यांचा मंगळाशी काही संबंध नाही. ते बहुतांशी सूर्यमालेबाहेरून येतात, तेही रात्रंदिवस. शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन ते शोधले. ते वातावरणावर आदळले की म्युऑन कण (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड) तयार होतात. हे वाचताना तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक आरपार जातोय. मोबाईल बंद केला तरी जाणारच. उटीला टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) ग्रेप्स-३ प्रयोग हेच कण मोजतो. आमच्या काकांनी मात्र फोन बंद केलाच, आणि सकाळचा गजर वाजला नाही.