ऑपरेटरचे भान नजरेवरून मोजता येत नाही

बॉयलरच्या पडद्यावरून नजर न हलवणारा आणि विचारल्यावर ‘सगळं ध्यानात आहे’ म्हणणारा ऑपरेटर परिस्थितीबाबत पूर्ण सावध असतो, हा चिकोडी-अथणी भागातील साखर कारखान्यांत रुजलेला समज चुकीचा आहे.

अमेरिकी अभियंता मिका एंड्स्ली यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात या भानाच्या तीन पातळ्या आहेत : दिसणे, त्याचा अर्थ लागणे आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येणे. टर्बाइनची वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधील (बॉयलरच्या ज्या टाकीत पाणी व वाफ वेगळी होतात तिथला) दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असतानाही पातळी काही काळ वर गेलेली दिसते. आकडा अचूक वाचूनही एखाद्याने अशा वेळी फीडवॉटर (बॉयलरला पुरवले जाणारे पाणी) कमी केले, तर त्याची नजर शाबूत पण भान सुटलेले, असेच म्हणावे लागेल. नजरेचा माग घेणारे यंत्र हा फरक पकडत नाही, आणि स्वतःच स्वतःला गुण देण्याच्या पद्धतीत बहुधा आत्मविश्वासच मोजला जातो.

म्हणून सिम्युलेटरवर काम मध्येच थांबवून, पडदे कोरे करून, पातळी किती होती, का बदलत होती आणि पुढे कुठे जाणार होती, हे विचारतात व उत्तरे नोंदींशी ताडून पाहतात. मध्येच थांबवल्याने कामाचा विचका होईल ही शंका रास्त आहे. परंतु लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवरील एंड्स्ली यांच्या प्रयोगांत तसा लक्षणीय परिणाम आढळला नाही. चालू बॉयलर अर्थातच असा थांबवता येत नाही. तिथे पडदे उघडे ठेवूनच, ऑपरेटरने तयारी दाखवल्यावर प्रश्न विचारायचा आणि उत्तराला किती वेळ लागला ते नोंदवायचे.