शटर चिकटलंय? तेल घालण्याआधी हे वाचा

जुना फोल्डिंग कॅमेरा दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत एक वाक्य हमखास येतं: "शटर अडकत होतं म्हणून थेंबभर तेल सोडलं. दोन दिवस मस्त चाललं, आता उघडतच नाही." त्या थेंबामागे आमचा अख्खा दिवस जातो.

लेन्सच्या आतल्या शटरची पाती दाढीच्या ब्लेडसारखी पातळ असतात आणि कोरडीच चालतात. मध्ये तेलाचा पुसटसा थर आला, की ओल्या काचेला काच चिकटावी तशी ती एकमेकांना धरून बसतात. मुळात दुखणं बहुतेक वेळा तेलाचंच असतं. फोकसच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस सुटतं आणि त्यातलं तेल झिरपत पात्यांवर येतं. म्हणून नुसती पाती पुसून आम्ही कॅमेरा परत देत नाही. ग्रीस तेच राहिलं तर तुम्ही पुन्हा आमच्याच दारात येणार.

काहीजण चिकटा काढायला वरूनच लायटरचं पेट्रोल सोडतात. ते आम्हीही वापरतो, पण पुढच्या-मागच्या काचा काढून. वरून सोडलेलं पेट्रोल चिकटा विरघळवतं, वाहून गिअरमध्ये नेतं आणि उडून जाताना तिथेच ठेवून जातं.

फक्त १ सेकंद, १/२ असे संथ वेगच रेंगाळत असतील, तर दोष सहसा पात्यांत नसून गिअरच्या सुकलेल्या वंगणात असतो. ते काम त्या मानाने सोपं. सेल्फ टायमरला मात्र कृपया हात लावू नका. तो मध्येच अडकला की शटरही अडकतं.

"साफच तर करायचंय, आठ दिवस कशाला?" चिकट शटरचा पहिला खटका खरं बोलतो. दहा वेळा चालवलं की ते मोकळं झाल्यासारखं वाटतं, रात्रभर ठेवलं की पुन्हा जड. म्हणून साफ केलेलं शटर आम्ही काही दिवस न हलवता ठेवतो आणि मग पहिलाच खटका मोजतो. १/१०० वर लावलेलं शटर १/२५ ने चाललं, तर फोटोवर दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड पडतो. रोल धुतल्यावर हे कळण्यापेक्षा आठ दिवस बरे.

मोजलेल्या वेगांची चिठ्ठी कॅमेऱ्यासोबत देतो. त्यात १/५०० समोर १/३५० दिसलं तर बिचकू नका, या वयात ते चांगलंच आहे. लेन्स उघडलेली असतेच, तेव्हा काचांच्या आतली धूळ आणि बुरशी त्याच वेळी काढून घेणं सोयीचं पडतं.

आणण्याआधी खटका दाबून शटर 'मोकळं' करू नका, आहे तसं आणा. तेल घातलंच असेल, तर कुठलं आणि कुठून, ते सांगा. रागावत नाही, पण शोधाशोध वाचते.