एलएनबीची सावली

सदाशिव पेठेतल्या आमच्या गच्चीवर ८ फुटी जाळीची डिश आहे, ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे लावलेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दुपारी बाराच्या सुमारास, टीव्हीवरचं चित्र आधी फुटतं, मग जातंच. तेव्हा धावत गच्चीवर यावं. एलएनबीची, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या संदेश टिपणाऱ्या डबीची, सावली डिशच्या बरोबर मधोमध पडलेली असते! सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओलहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा संदेश बुडतो. मार्चमध्येही हेच घडतं. डिश अचूक लागल्याची याहून सुंदर खूण मला माहीत नाही.

हा संदेश असतोच इतका क्षीण. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून तो अख्ख्या देशावर पसरतो. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमागे (संदेश परत खाली पाठवणाऱ्या यंत्रामागे) आमच्या डिशच्या वाट्याला साधारण एका वॉटचा लाख कोटीवा भाग येतो. तो गोळा करून एका बिंदूवर आणायचा, म्हणून एवढी मोठी छत्री.

जाळीतून संदेश गळत कसा नाही? सी-बँडची, म्हणजे आमची डिश पकडते त्या लहरपट्ट्याची, लहर सुमारे साडेसात सेंटिमीटरची, जाळीची भोकं काही मिलिमीटरची. लहरीच्या लेखी तो सलग पत्राच; वारा मात्र आरपार जातो. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशाही जाळीच्याच आहेत. तिथे गेलात तर मान वर करून ती जाळी जरूर बघा. पुण्याच्या पावसातही सी-बँड टिकतो. घरोघरच्या डीटीएचची केयू-बँड लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिला थेंब जास्त अडवतात.

१९९१ साली एशियासॅट-१ वरून स्टारच्या वाहिन्या खुल्या येऊ लागल्या आणि केबलवाल्यांच्या गच्च्यांवर अशा छत्र्या उगवल्या. पुढे बऱ्याच वाहिन्यांना कुलूप लागलं. कुलूपबंद संदेशही डिशवर पडतोच, पण किल्ली नसेल तर ते नुसते आकडे. खुल्या वाहिन्यांना फक्त डिश नीट लावायची आणि फ्री-टू-एअर रिसीव्हर जोडायचा.

ब्लाइंड स्कॅन लावला, म्हणजे रिसीव्हरला सगळा पट्टा स्वतःच धुंडाळायला लावलं, की कधी यादीत नसलेला कच्चा फीडही सापडतो: कुठल्याशा मैदानात बातमीदार माइक धरून उभा, कॉलर नीट करतोय, स्टुडिओतून आवाज यायची वाट बघतोय.