टोमॅटोची फळे उशिरा वाढणे (परसबाग)

परसबागेत, गच्चीवर किंवा गॅलरीतल्या कुंडीत लावलेल्या टोमॅटोला फुले येऊनही फळ न धरणे, धरलेले फळ न फुगणे किंवा पूर्ण फुगलेले फळ हिरवेच राहणे. ‘टोमॅटो वाढतच नाहीत’ या एका तक्रारीत या तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात. एकीवरचा उपाय दुसरीला बाधतो, त्यामुळे झाड नेमके कुठे अडले आहे हे खताच्या पिशवीला हात लावण्याआधी पाहावे.

मध्यम ते मोठ्या फळांच्या वाणांत फूल उमलल्यापासून फळ लाल होईपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस जातात; चेरी टोमॅटो काहीसे लवकर तयार होतात. पहिले दोनेक आठवडे फळात पेशींची संख्या वाढते, पण ते गोटीएवढेच दिसते. पुढच्या तीन ते पाच आठवड्यांत त्या पेशी पाणी आणि साखर घेऊन मोठ्या होतात, हीच फुगवण. त्यानंतर आकार थांबतो आणि रंग येईपर्यंत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. नेमक्या या दिवसांत कंटाळून चांगली झाडे उपटली जातात, याची हळहळ वाटते. घोस उमलला की त्याच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून तारीख टिपून ठेवली, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

फळ न धरणे : टोमॅटोच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुंकेसरांची नळी आतल्या बाजूने उकलते आणि फूल हलले की पराग खाली झडतात. शेतात हे काम वारा करतो; शिवाय भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग मोकळे करतात. मधमाशीला ही थरथर साधत नाही. उंच इमारतीच्या बंदिस्त गॅलरीत वाराही नसतो आणि भुंगाही फिरकत नाही. तिथे सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठावर हलकी टिचकी मारावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळी दमटपणामुळे पराग चिकटून राहतात, तेव्हा हा उपाय कोरड्या दिवशीच करावा.

दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले की पराग निकामी होतात व फूलगळ होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हे अटळच आहे. दुपारची सावली आणि मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन यांनी झाड तगते, फळ मात्र हवा निवल्यावरच धरते. घरच्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची लागवड सर्वांत सोयीची.

दुसरे मोठे कारण नत्राचा (नायट्रोजनचा) अतिरेक. शेणखत, गांडूळखत आणि वर युरिया असा मारा झाला की झाड माजते : गर्द हिरवी पाने, जाड खोड आणि फुले मोजकी. असे झाड निरोगी दिसते म्हणून कौतुकाने आणखी खत घातले जाते. अशा वेळी नत्र पूर्ण थांबवावे.

फळ न फुगणे : रोज किमान सहा तास थेट ऊन नसेल, तर फळात भरायला साखरच तयार होत नाही. लहान कुंडीत मुळे अडतात. एका झाडाला १५ ते २० लिटर माती लागते. परागीभवन अपुरे झाले तर बिया थोड्या धरतात, आणि बियांकडून मिळणाऱ्या संप्रेरकांवर फुगवण अवलंबून असल्याने ती फळे वाटाण्याएवढीच राहतात. ती खुडून टाकावीत. सतत वाढणाऱ्या वेलवर्गीय वाणांच्या बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढाव्यात. ठेंगण्या, झुडूपवजा वाणांच्या काढल्या तर फळेच कमी होतात. पांढऱ्या माशीमुळे पाने आवळणारा बोकड्या हा विषाणूरोग झाला असेल, तर झाड सुधारत नाही.

डाळिंब-संत्र्याचा बहार धरताना ताण देतात, ते पाहून काही जण टोमॅटोचेही पाणी तोडतात. हे टाळावे. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचते. पाणी कमी-जास्त झाले की फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. कॅल्शियमसाठी घातलेली अंड्याची टरफले मातीत फार सावकाश विरघळत असल्याने ती तातडीला उपयोगी पडत नाहीत.

रंग न येणे : पिकण्यासाठी फळावर ऊन पडावे लागत नाही, म्हणून पाने ओरबाडू नयेत, उघडे पडलेले फळ भाजते. लाल रंग देणारे लायकोपीन २० ते २५ अंशांत चांगले तयार होते, ३० च्या वर ते अडते आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. कडाक्याच्या थंडीतही पिकणे लांबते. शंका असल्यास एक फळ कापावे. बिया सुरीखाली चिरल्या गेल्या तर फळ कोवळे आहे. गरातून निसटल्या तर पक्व. बुडाशी गुलाबी छटा आलेली फळे तोडून पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवली की घरातच लाल होतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. कोवळी फळे तोडल्यावर नीट पिकत नाहीत. ती शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून चटणीला वापरतात.