कळा आणण्याआधीची आतून सोनोग्राफी: रिपोर्टमधला आकडा कसा वाचावा

तारीख उलटून गेली किंवा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर औषधाने कळा आणायचं ठरवतात, तेव्हा कधी कधी आधी आमच्याकडे पाठवतात. ‘आता शेवटी शेवटी परत सोनोग्राफी कशाला?’ असं घरचे हमखास विचारतात. यात मुख्यतः बाळ पाहायचं नसतं. गर्भपिशवीचं तोंड (सर्व्हिक्स) बाळंतपणाला कितपत तयार आहे, ते पाहायचं असतं.

ही तयारी डॉक्टर एरवी बोटांनी तपासतात. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ आहे की कडक, मागे वळलेलं आहे की पुढे आलंय आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, या पाच गोष्टींना गुण देतात. एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडलेली ही पद्धत, म्हणून ‘बिशप स्कोअर’. एकूण गुण १३. सहा किंवा त्याहून कमी असले तर तोंड अजून तयार नाही असं धरतात. अडचण एवढीच की तोंड बंद असेल तर त्याचा वरचा भाग बोटांना लागत नाही, आणि दोघांनी तपासलं तर गुणही दोन येऊ शकतात. सोनोग्राफीत तोंडाची लांबी पूर्ण दिसते, मिलिमीटरमध्ये मोजता येते.

तपासणीआधी लघवी करून या. मूत्राशय भरलेलं असलं की तोंड दाबलं जातं आणि आहे त्याहून लांब दिसतं. सोनोग्राफीच्या बारीक दांडीवर (प्रोबवर) नवं आवरण चढवून तो फक्त योनीमार्गात ठेवतात, पिशवीच्या तोंडात घालत नाहीत. क्ष-किरण नसतात. थोडं अवघडल्यासारखं होतं. दुखलं तर लगेच सांगा, कारण प्रोब जोरात दाबला गेला तरी माप चुकतं. आम्ही तीनदा मोजतो आणि सर्वांत कमी माप लिहितो. पाणी जात असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर आत येण्याआधीच सांगा.

आता आकडा. तोंड जितकं आखूड, तितकी कळा लागून नॉर्मल बाळंतपण होण्याची शक्यता जास्त. पण सीमारेषा कुठे, यावर एकमत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान धरलेली दिसते. म्हणून ३२ आलं की ‘आता सिझेरियनच’ असं कृपया घरीच ठरवू नका. आधी एक नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर ती गोष्ट आमच्या आकड्याहून जास्त वजनदार. पहिलटकरणीचं गणित वेगळं. वजन, वय, बाळाच्या डोक्याची दिशा, हेही सगळं त्यात येतं.

मग उपयोग काय? मुख्यतः औषध निवडायला. तोंड लांब असेल तर आधी ते मऊ करणारं औषध किंवा फोलीचा फुगा (तोंडात ठेवून फुगवायची नळी), आणि मग सलाईनमधून कळांचं औषध. आखूड असेल तर पहिला टप्पा कदाचित लागतही नाही. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात (झालेले अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) दोन चाचण्यांतल्या २३४ स्त्रियांमध्ये सोनोग्राफी आणि बिशप स्कोअर यांची तुलना होती. सोनोग्राफी केलेल्या गटात मऊ करणारं औषध कमी जणींना लागलं, मात्र नॉर्मल बाळंतपणाच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा हाताची तपासणी यामुळे टळत नाही.

येताना आधीच्या बाळंतपणाचे कागद आणा. आधी सिझेरियन झालेलं असेल तर ते आवर्जून सांगा. मिसोप्रोस्टॉलसारखं तोंड मऊ करणारं औषध अशा वेळी टाळतात, त्यामुळे डॉक्टरांची पुढची आखणीच बदलते.